जनुकं कधी बोलतात, कधी गप्प राहतात: हे स्वतःहून शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कॉमर्सचे पदवीधर, वय 44, साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी. 2024 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मायक्रोआरएनएच्या (जनुकांवर लगाम ठेवणाऱ्या छोट्या आरएनएच्या) शोधाला मिळालं, ती बातमी वाचताना तुम्हाला प्रश्न पडला: यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत डीएनए तोच असेल, तर त्या दोघी इतक्या वेगळ्या कशा? तेव्हापासून रोज रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ बघता. बघताना सगळं पटतं, पण आठवड्याने आठवायला गेलं तर प्रमोटर, एन्हान्सर, मिथायलेशन असे सुटे शब्द तेवढे उरतात. तेव्हा अकरावी-बारावीचं सायन्स पहिल्यापासून करावं, की पैसे भरून एखादा कोर्स लावावा, असं तुम्ही विचारलं आहे.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं रेण्वीय जीवशास्त्र शिकवते. कॉलेजची मुलं हा माझा पेशा. शिवाय रविवारी सकाळी नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांचा एक गट घेते. त्यात औषध दुकानदार आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, गुऱ्हाळ चालवणारे एक गृहस्थ आहेत. तुमची अडचण यांतल्या बहुतेकांना आलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल मी थोडं ठामपणे बोलू शकते.

तुमची स्मरणशक्ती चांगली आहे आणि पाया कच्चा असणं हेही मुख्य कारण नाही. व्हिडिओ तुम्हाला तयार उत्तर दाखवतो. रंगीत प्रथिन येतं, डीएनएवर बसतं, जनुक बंद होतं. हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं होतं, दुसरी कुठली उत्तरं शक्य होती आणि ती का बाद झाली, हे त्यात नसतं. जे उत्तर कुठल्याच शंकेला भिडलेलं नाही ते डोक्यात टिकायला काही कारणच नसतं. कॉलेजच्या मुलांकडून परीक्षा निदान चार वेळा पाठांतर करून घेते, तुम्हाला तीही नाही. मग टिकवायचा एकच रस्ता उरतो: प्रत्येक विधानाला विचारायचं, "हे त्यांना कळलं कसं? काय बिघडवलं आणि मग काय झालं?"

जनुकांच्या नियमनाचं जवळपास सगळं ज्ञान असंच आलेलं आहे. एक तुकडा मोडायचा, परिणाम बघायचा, त्यावरून तो तुकडा काय करत होता ते ठरवायचं. तुम्हीही त्याच वाटेने शिका, असं माझं सांगणं आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही कुतूहलापोटी शिकताय असं धरून मी पुढचं लिहिते. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल आणि त्यासाठी समजून घ्यायचं असेल, तर मी क्रम बदलेन आणि हिमोग्लोबिनपासून सुरू करेन. पोटात असताना बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचं जनुक जवळजवळ गप्प होतं आणि प्रौढ हिमोग्लोबिनचं जनुक काम घेतं. ते गप्प करण्यात बीसीएल-11-ए नावाच्या प्रथिनाचा मोठा हात असतो. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलसाठी जी जनुक-संपादनाची उपचारपद्धती मंजूर झाली, तिच्यात या प्रथिनाच्या जनुकाचा एक एन्हान्सर (जनुकाला जास्त बोलायला लावणारा डीएनएचा तुकडा) मोडतात, म्हणजे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. तो एन्हान्सर तांबड्या रक्तपेशींच्या वंशापुरताच कामाला येतो, म्हणून इतर पेशींतलं प्रथिन शाबूत राहतं. ज्याच्या घरी हा आजार आहे त्याला ही वाट जास्त जवळची. दुसरं, इंग्रजी वाचनाची सवय किती आहे यावर वेग ठरेल. मराठीत या विषयावर सविस्तर लिखाण फार कमी आहे आणि त्याला सध्या इलाज नाही.

बारावीचं सगळं सायन्स करायची गरज नाही. एवढं पक्कं हवं: डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि आरएनएवरून प्रथिन बनतं. प्रथिनाला आकार असतो. त्याला एखादा छोटा रेणू चिकटला की तो आकार बदलू शकतो. आणि हे चिकटणं कायमचं नसतं, रेणू बसतात, सुटतात, पुन्हा बसतात. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या रेण्वीय पायावरचं एक प्रकरण आहे, ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. तेवढं एक प्रकरण वाचा आणि पुढे चला. रसायनशास्त्र लागेल तसं त्या-त्या ठिकाणी थांबून बघता येतं.

सुरुवात माणसापासून करू नका. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू आणि लॅक्टोज ही दुधातली साखर, एवढीच जोडी घ्या आणि तिला महिनाभर द्या. महिना हा काळ ऐकून लोक नाराज होतात, पण पुढची सगळी वर्षं या महिन्यावर उभी राहतात.

पॅरिसमध्ये झाक मोनो यांनी आपल्या 1941 च्या प्रबंधात एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. जिवाणूंना काही ठरावीक दोन साखरा एकत्र दिल्या तर ते आधी एक संपवतात, मग वाढ काही काळ थांबते आणि नंतर दुसरी खायला लागतात. ग्लुकोज आणि लॅक्टोज दिलं तर आधी ग्लुकोज जातं. मधल्या थांब्यात काय चाललेलं असतं? लॅक्टोज तोडणारं एन्झाइम तयार होत असतं. म्हणजे ते बनवण्याची कुवत जिवाणूत आधीपासून होती, पण ती वापरली जात नव्हती. तुमच्या यकृत-डोळ्याच्या प्रश्नाचं हे सगळ्यात लहान रूप आहे.

यात तीन जनुकं लक्षात ठेवा. लॅक-झेड लॅक्टोज तोडणारं एन्झाइम बनवतं. लॅक-वाय लॅक्टोज पेशीत आत आणणारं प्रथिन बनवतं. लॅक-आय काय करतं ते मुद्दाम सांगत नाही. आता असं बघा: काही बिघडलेले जिवाणू सापडले जे लॅक्टोज नसतानाही एन्झाइम बनवत राहतात. त्यांतल्या काहींचा बिघाड लॅक-आयमध्ये होता आणि काहींचा लॅक-झेडच्या अगदी अलीकडे, डीएनएच्या एका छोट्या तुकड्यात, ज्याला ऑपरेटर म्हणतात. वरून बघितलं तर दोघांचं वागणं अगदी सारखं. मग हे दोन बिघाड एकाच जातीचे की वेगवेगळ्या?

फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी जे केलं ते मला आजही या शास्त्रातलं सर्वांत सुंदर तर्कशुद्ध काम वाटतं. त्यांनी त्याच पेशीत या जनुकांची दुसरी, चांगली प्रत घातली. लॅक-आय बिघडलेल्या पेशीत चांगलं लॅक-आय आलं की पेशी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागली: लॅक्टोज असेल तरच एन्झाइम. चांगली प्रत वेगळ्या डीएनएवर होती, तरीही तिने जुन्या डीएनएवरचा लॅक-झेड आवरला. ऑपरेटर बिघडलेल्या पेशीत मात्र चांगल्या ऑपरेटरची दुसरी प्रत घालून काहीही सुधारलं नाही. बिघडलेल्या ऑपरेटरला जोडलेला लॅक-झेड चालूच राहिला, आणि चांगल्या ऑपरेटरला जोडलेला तेवढा आवरात राहिला.

दोन शेजारच्या घरांना एकेक राखणदार आहे असं समजा. एका घराचा राखणदार आजारी पडला तर शेजारचा येऊन दोन्ही दारं लावू शकतो. पण एका दाराची कडीच तुटलेली असेल तर कितीही राखणदार आणा, ते दार उघडंच राहणार आणि शेजारचं दार नीट लागणार. लॅक-आय हा राखणदार बनवतं, म्हणजे पेशीत फिरू शकेल असा पदार्थ. ऑपरेटर ही कडी, ती जिथल्या तिथे, फक्त आपल्याच डीएनएपुरती. त्या फिरत्या पदार्थाला रिप्रेसर हे नाव पडलं. 1961 च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी तो बहुधा आरएनए असावा असं म्हटलं होतं. ते चुकीचं निघालं. 1966 मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी रिप्रेसर वेगळा काढून तो प्रथिन असल्याचं दाखवलं. पण बघा, पदार्थ कशाचा बनलाय हे चुकूनही "तो फिरतो आणि डीएनएच्या एका ठरावीक जागी बसतो" हा निष्कर्ष टिकला, कारण तो चित्रावर नव्हे, बिघाडांच्या तक्त्यावर उभा होता.

आणि लॅक्टोज काय करतं? आधी मोनो यांना वाटत होतं की लॅक्टोज एन्झाइम घडवायला थेट मदत करतं. प्रयोगांनी उलटं दाखवलं: अडथळा आधीपासून बसलेला असतो आणि साखर आली की तो सुटतो. अडथळा दूर करून काम सुरू करणं, हा विचार त्या काळी कुणाला सहज सुचला नव्हता. पुढे तुम्ही वनस्पती शिका, कॅन्सर शिका, हा दुहेरी नकार तुम्हाला पावलोपावली भेटेल.

तुम्ही हिशेबातले आहात, तक्ता मांडणं तुमच्या हातातलं काम. वहीत डाव्या बाजूला पेशीचा प्रकार लिहा, मग "लॅक्टोज नसताना" आणि "लॅक्टोज असताना" असे दोन रकाने. पुस्तकातलं उत्तर झाकून आधी स्वतःचं भाकीत लिहा, पेनाने, खोडता येणार नाही असं. मग पडताळा. भाकीत चुकलं की का चुकलं ते एका ओळीत लिहा. माझ्या गटात ज्यांनी हे केलं त्यांच्यात आणि ज्यांनी फक्त वाचलं त्यांच्यात फरक स्पष्ट दिसतो. पहिले वर्षभराने नवं जनुक समोर आलं तरी योग्य प्रश्न विचारतात.

महिना संपत आला की एक कोडं स्वतःला घाला. लॅक्टोज आत आणणारं प्रथिन बंद जनुकातून बनतच नसेल, तर पहिला लॅक्टोज आत शिरतो कसा? वर आणखी एक अडचण: रिप्रेसरला सोडवणारा रेणू लॅक्टोज स्वतः नसतो. लॅक्टोजपासून बनणारा अ‍ॅलोलॅक्टोज तो असतो, आणि तो बनवतं तेच एन्झाइम जे बंद आहे! उत्तर असं की "बंद" जनुक पूर्ण बंद कधीच नसतं. रिप्रेसर अधूनमधून सुटतो आणि तेवढ्यात थोडी प्रथिनं बनून जातात. 1957 मध्ये नोविक आणि वायनर यांनी दाखवलं की लॅक्टोजची जागा घेणारा पदार्थ अगदी कमी प्रमाणात दिला, तर सगळ्या पेशी अर्ध्या जाग्या होत नाहीत. काही पूर्ण जाग्या होतात आणि बाकीच्या झोपलेल्याच राहतात, सरासरी तेवढी अर्धी दिसते. हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण पुढे "अमुक जनुकाची अभिव्यक्ती दुप्पट झाली" असं वाचाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा: प्रत्येक पेशीत दुप्पट, की दुप्पट पेशींत?

आता माणसाकडे या, आणि साखर तीच ठेवा. आपल्याकडे कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारी मोठी माणसं रोज दिसतात. त्यांतल्या काहींना ते सहज पचतं, काहींना पोट डब्ब होतं. लहानपणी लॅक्टेज हे एन्झाइम सगळ्यांच्या आतड्यात असतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत ते जनुक दूध सुटल्यावर हळूहळू गप्प होतं, आणि न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते खाऊन वायू करतात. काही माणसांत मात्र ते जनुक आयुष्यभर बोलत राहतं. दोन्ही गटांत लॅक्टेज प्रथिनाचा मजकूर बिघडलेला नसतो. मग फरक कुठे?

इथे थांबा आणि राखणदार-कडीचा प्रश्न पुन्हा विचारा. एखाद्याला आईकडून "बोलणारं" आणि वडिलांकडून "गप्प होणारं" गुणसूत्र मिळालं असेल तर काय अपेक्षा ठेवाल? फरक फिरत्या प्रथिनात असेल तर दोन्ही गुणसूत्रांवरची जनुकं सारखीच वागतील. फरक जिथल्या तिथे असेल तर एकच बोलेल. 1995 मध्ये संशोधकांनी आतड्याच्या नमुन्यांतला आरएनए कुठल्या गुणसूत्रावरून निघालाय ते तपासलं, आणि अशा माणसांत एका गुणसूत्रावरून भरपूर, दुसऱ्यावरून फारच कमी आरएनए निघत होता. म्हणजे फरक कडीत. 2002 मध्ये फिनिश कुटुंबांच्या अभ्यासातून ती जागा सापडली: लॅक्टेज जनुकाच्या सुरुवातीपासून सुमारे 14,000 अक्षरं (डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत असतो) मागे, एमसीएम-6 नावाच्या शेजारच्या जनुकाच्या पोटात, एका अक्षराचा बदल, सी ऐवजी टी. भारतात दूध पचवणाऱ्या अनेकांत हाच बदल आढळतो आणि वायव्येकडून दक्षिण-पूर्वेकडे त्याचं प्रमाण घटत जातं. पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालकांत त्याच भागात दुसरे बदल स्वतंत्रपणे झालेले आहेत.

14,000 अक्षरं लांबून एक तुकडा जनुकावर परिणाम करतो, हे जिवाणूत शिकलेल्या चित्रात बसत नाही. मग आता एन्हान्सर शिकायला तुमच्याकडे खरं कारण आहे. आपल्या पेशीत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, प्रत्येक गुंडाळीत सुमारे 147 अक्षरांच्या जोड्या. अशा गुंडाळलेल्या जनुकाला अडवायला वेगळा रिप्रेसर असेलच असं नाही. ते बोलावं यासाठी मात्र मुद्दाम खटपट लागते. डीएनएची वळी पडून दूरचा एन्हान्सर जनुकाच्या जवळ येऊ शकतो. यकृताच्या पेशीत एका संचातली नियामक प्रथिनं असतात, डोळ्याच्या पेशीत दुसऱ्या, म्हणून तोच डीएनए वेगवेगळ्या ठिकाणी वाचला जातो. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. आणि मायक्रोआरएनए? ते नंतरचं पाऊल, आरएनएची प्रत निघाल्यावर तिच्यापासून प्रथिन किती बनू द्यायचं ते ठरवणारं. 1993 मध्ये ते गोलकृमीत सापडलं, तेही बिघडलेल्या किड्यांच्या तपासातूनच.

हाताने काही करून बघायचं असेल तर मटकी भिजवा. अर्धी अंधाऱ्या डब्यात, अर्धी उजेडात, पाच-सहा दिवस वाढू द्या. अंधारातली लांबलचक, फिकट, पानं मिटलेली येईल. ती उजेडात आणली की काही तासांत हिरवेपणा दिसायला लागतो. आता विचारा, यात जनुकांचं नियमन किती आणि बाकीचं किती? हरितद्रव्य बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यांतलं एक एन्झाइम स्वतःच प्रकाशावर चालतं. ते अंधारात तयार होऊन बसलेलं असतं, म्हणून अगदी पहिल्या हिरवेपणाला नवं जनुक बोलायची गरज नाही. पुढचा गडद हिरवेपणा आणि उघडणारी पानं यांना नवी प्रथिनं लागतात. शरीरात काहीही बदललं की "जनुक चालू झालं" म्हणायची घाई या एका मटकीने मोडते. जोडीला हेही वाचा: अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपात सीओपी-1 हे जनुक मोडलं तर रोप अंधारातही उजेडात असल्यासारखं वाढतं. काय निष्कर्ष काढाल? पुन्हा तोच दुहेरी नकार.

एपिजेनेटिक्स, म्हणजे डीएनएचा मजकूर न बदलता जनुकं बोलती-गप्प करणाऱ्या खुणांचा अभ्यास, मी शेवटी ठेवते, आणि तुम्हीही ठेवा. "विचारांनी जनुकं बदलतात", "आजीने भोगलेलं नातीच्या डीएनएत उतरतं" असे व्हिडिओ तुम्ही नक्की बघितले असतील. विषय खरा आणि महत्त्वाचा आहे, म्हणूनच त्याच्या नावावर चाललेला बाजार मला खटकतो. नेदरलँड्समधल्या 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्याचं उदाहरण नेहमी देतात. त्या काळात गर्भात असलेल्या माणसांची साठ वर्षांनी तपासणी झाली, आणि त्यांच्या वाढीशी संबंधित आयजीएफ-2 जनुकावरचं मिथायलेशन (डीएनएवर चिकटलेली छोटी रासायनिक खूण) भावंडांच्या तुलनेत कमी आढळलं. 2008 चा हा अभ्यास चांगला आहे. पण तपासणी रक्ताची होती, फरक लहान होता, आणि या मिथायलेशनमुळेच त्यांना काही आजार झाला असं त्यातून सिद्ध होत नाही. लॅक-आयचा तक्ता सोडवलेला माणूस हे स्वतः ओळखतो, कारण त्याला "सोबत दिसतं" आणि "मोडल्यावर जातं" यांतलं अंतर माहीत असतं. लॅक्टेजच्या जनुकावरही वय वाढेल तसं मिथायलेशन साठतं, आणि ते सी असलेल्या गुणसूत्रावर जास्त साठतं. म्हणजे अक्षर आणि मिथायलेशन या दोन वेगळ्या गोष्टी समजायचं कारण नाही, दुसरी बऱ्याच अंशी पहिलीच्या मागून येते.

कोर्सबद्दल. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर रेण्वीय जीवशास्त्राचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. लॅक्टोजचा महिना झाल्याशिवाय कुठलाही कोर्स लावू नका, पैसे भरून तर नकोच. नाहीतर व्हिडिओंची रांग तेवढी वाढेल. जाकोब आणि मोनो यांची 1965 ची नोबेल व्याख्यानं नोबेलच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. इंग्रजी जड आहे, पण तक्ता झाल्यावर ती उलगडतात. छापील पाठ्यपुस्तकं चाळायची असतील तर शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत ते चौकशी करून घ्या. आणि आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी शिकलेलं मराठीत सांगा. जिथे "म्हणजे ते आपलं… ते बसतं ना तिथे" असं अडखळाल, तिथेच तुमचं काम बाकी आहे.

एक गणित देते. लॅक-आयचा एक बिघाड असा असतो की रिप्रेसर डीएनएवर बसतो, पण अ‍ॅलोलॅक्टोज त्याला चिकटतच नाही. अशी एक पेशी घ्या: तिच्या मुख्य डीएनएवर हा हट्टी लॅक-आय, चांगला ऑपरेटर, चांगला लॅक-झेड आणि मोडलेला लॅक-वाय. तिच्यात घातलेल्या दुसऱ्या प्रतीवर चांगला लॅक-आय, मोडलेला ऑपरेटर, मोडलेला लॅक-झेड आणि चांगला लॅक-वाय. लॅक्टोज नसताना आणि असताना, या पेशीत तोडणारं एन्झाइम बनेल का? आत आणणारं प्रथिन बनेल का? चारही उत्तरं कारणांसह लिहून पाठवा. मी तपासून देईन.